छत गळतं, असं आपल्याला वाटतं

नाही, तुम्हीच सांगा, ज्या माणसाच्या न्हाणीघराचं पाणी आमच्या छतातून झिरपून बाबांच्या पलंगावर पडतं, त्याच माणसाने मला विचारावं, "पाणी म्हणजे नेमकं काय रे?" आणि मी, मी विचारात पडावं! वरच्या मजल्यावर सतरंजीवर मांडी घालून मी पाण्याचं मूळ स्वरूप शोधतोय आणि खाली बादलीत... टप्प!

तुम्हाला सांगतो, वरचे सर म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नाही. जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, मीही त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातच अंतिम सत्य शोधायचं मंडळ काढलं. मी पहिल्या दिवसापासून त्यात! का नसावं? सगळं जग बढतीच्या नि बंगल्याच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावतंय, कोणीतरी थांबून विचारायला नको, की बाबांनो, हे सगळं मुळात आहे तरी काय? हा एक प्रश्न सुटला की बाकीचे आपोआप सुटतील, असं मी घरी ठणकावून सांगायचो. आई म्हणायची, "आधी छताचा सोडव."

छताला फुगवटा आला होता हो! चांगला परातीएवढा, तोही बरोब्बर बाबांच्या उशीवर. बाबा पायथ्याकडे डोकं करून झोपू लागले, तर ओलही हळूहळू तिकडे सरकली. आई म्हणाली, "जा त्या तुझ्या सरांकडे. प्लंबर आणा म्हणावं, नाहीतर एक दिवस तुझ्या बापाचं डोकं फुटेल." गेलो. तावातावाने गेलो! सरांनी डोळे मिटले आणि (ते असेच बोलतात, एकेका शब्दाला लोड-तक्क्या देऊन) म्हणाले, "गळतंय... असं तुला दिसतं. बरोबर?"

"हो सर."

"दिसणं कुठे असतं?"

"मनात, सर."

"मग गळती कुठे आहे?"

आता काय बोलणार? मी म्हटलं, "सर, बादलीत." तर अख्खं मंडळ हसलं! त्यात आमचा शंकासुर. आहे बँकेत कारकून, पण पगार शंका घेण्याचाच मिळत असावा. तो म्हणतो कसा, "बादली तरी आहे, कशावरून?"

आहे हो! निळी आहे! मीच रिकामी करतो! टप्प!

तरी मी हार मानली नाही. म्हटलं, चला, मंडळाने खाली येऊन प्रत्यक्ष पाहावं. आले! सगळे आले! पलंगाभोवती माना वर करून उभे, जणू ग्रहण बघायला जमलेत. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "मला तर ढग दिसतोय." शंकासुर म्हणाला, "मला उंट." सरांनी टाळीच वाजवली. "बघा! एकाला ढग, एकाला उंट! मग हा फुगवटा आहे तरी कसला?" बाबा पलंगाच्या कडेवर अंग चोरून बसले होते, ते ओरडले, "ओलीचा!" कोणी ऐकलं? छे! आणि वर आमचाच चहा पिऊन गेले सगळे! चहाच्या अस्तित्वाबद्दल एकालाही शंका आली नाही, साखर कमी आहे हे तर एकमताने ठरलं!

मग आई स्वतः गेली. बाह्या सरसावून! म्हटलं, आता काही सरांची धडगत नाही. परत आली ती अशी... शांत. म्हटलं, "काय झालं? प्लंबर कधी येतोय?" तर म्हणते, "अरे, माणूस विचार करायला लावतो हं. मी म्हटलं, पाणी तुमचं आहे की नाही? तर म्हणाले, वहिनी, 'माझं' म्हणजे काय? खरंच की रे! जन्मभर मी माझं घर, माझं घर करत राहिले..." गेली! आमची आई गेली हातची! पुढच्या बैठकीला पुन्हा वर, आणि "मी एकटाच खाली थेंब झेलत काय बसू?" म्हणत बाबाही तिच्यामागून. दुपारी जेवणानंतर पलंगावर अंग टाकल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, ते बाबा!

त्या दिवशी विषय कोणता होता माहितेय? 'जे कोणीच पाहत नाही, ते असतं का?' बाबांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. आता हे काहीतरी बोलणार, तेवढ्यात खालून... धडाम्! सतरंजीखालची फरशी हादरली. सरांनी सावकाश डोळे उघडले. "खाली कोणी होतं?"

"नाही."

"मग... काय पडलं?"

"माझ्या पलंगावर पडलं, मास्तर!" बाबा ओरडले आणि धावले.

उशी दिसत नव्हती. प्लास्टरचा हा एवढा लगदा, आणि त्याखाली उशी. खरं सांगतो, त्या क्षणी मला एकही सिद्धान्त आठवला नाही. मी बाबांचं मनगट धरलं, गरम होतं, बस्स, तेवढंच कळत होतं. आणि तेवढ्यात मागून सर आले, छतातल्या उघड्या सळ्या पाहिल्या आणि आनंदाने हात पसरून, "वा! आवरण गळून पडलं! मूळ दिसलं!"

"मूळ गंजलंय," बाबा म्हणाले. "तेही दिसलं का?"

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला धरून आणलं. तो वर बघतो, खाली बघतो, म्हणतो, "वरची गळती थांबल्याशिवाय मी थापीही लावणार नाही. आधी वर बोलून घ्या." वर! म्हणजे पुन्हा सर!

म्हणून निघालोय. जिन्यातच काकू, म्हणजे सरांच्या सौ., भेटल्या. म्हणाल्या, "ये ना, बैठक नुकतीच सुरू झालीय. आज तुमच्या छतावरच चर्चा आहे." क्षणभर वाटलं, उजाडलं एकदाचं! तर आजचा विषय आहे, कारण आणि परिणाम. वरचं पाणी आणि खालचं छत यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? सर म्हणे अजून तळ्यात-मळ्यात आहेत. शंकासुराचं मात्र मत पक्कं झालंय... एकदा पडल्याने काहीच सिद्ध होत नाही, अजून दोन-चारदा पडू दे!