ड्रमला दाखवलेलं ऊन

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आदरणीय अप्पासाहेब मुळ्ये, मंचावर विराजमान असलेले मंडळाचे सचिव यशवर्धनजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या इंदुमतीताई तारे, समोरच्या रांगांमधल्या काका-काकू आणि पंख्याखालची जागा बरोबर हेरून बसलेले माझे भियालोक, म्हणजे दोस्तमंडळी, सगळ्यांना नमस्कार.

मी देवेंद्र. इथे इंदूरला, पोलोग्राउंडवर माझं प्रिंटर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. मला स्क्रू उघडायची सवय, भाषणाची नाही. तरी यशवर्धनजींच्या मागे लागून मी ही पाच मिनिटं मागून घेतली. का? कारण आज इथे सगळं खरं-खरं बोललो तर माझं लग्न ठरण्याची आशा आहे. गप्प बसलो तर ते मोडलंच म्हणून समजा. हसू नका हो काकू, अट तशीच आहे!

ताईंनी सव्वीस वर्षं तुकोगंजच्या ऑफिसात आपलं वधू-वर केंद्र चालवलं. त्यांचा एक नियम तुम्हाला ठाऊक असेल. आपल्याकडच्या बायोडाटावर फोटो वर नसतो, अगदी खाली असतो. ताई म्हणतात, आधी माणूस वाचा, मग चेहरा बघा. किती सुंदर विचार! पण त्याच विचाराने माझी वाट लावली.

माझ्या आईनेही माझं नाव तिथे दिलं होतं. ती बघा, दुसऱ्या रांगेत. आई, पाणी पी. तर चार घरांत माझा कागद गेला आणि चारही घरांतून परत आला. कारण कुणी सांगेना. शेवटी एका मावशींनी आईला बाजूला घेऊन म्हटलं, "मुलाचं बाहेर काहीतरी आहे म्हणे." आई दोन दिवस जेवली नाही. अहो, बाहेर काय असणार? मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत टोनरच्या पावडरीत काळा झालेला माणूस!

आणि त्याच आठवड्यात ताईंचा फोन. "देवेंद्रजी, प्रिंटर बिघडलाय. कागदावर भुतं येतायत. जरा बघता का?"

गेलो. तो जुना, जाडजूड लेझर प्रिंटर. म्हटलं, काहीही छापा, मला दोष बघू द्या. ताईंनी फायलीतले शेवटचे दोन कागद छापले. पहिला एका मुलीचा, स्वच्छ. दुसरा आला आणि मी खुर्चीवर बसलो. तो माझाच होता. आणि त्यावर, माझ्या नावाच्या अगदी शेजारी, एका मुलीचा फिका चेहरा. हसरा! मतलब, मी लग्नाला उभा आणि बाजूला ही आधीच हजर. त्या चार घरांचं काय चुकलं, सांगा?

आता काका, मेकॅनिक लोक काय करतात ते ऐका. कागद अर्ध्या वाटेत असताना झाकण उघडायचं. तोवर पावडर कागदावर नुसती बसलेली असते, पुढे गरम रोलरखाली गेली की चिकटते. चेहरा रोलरच्या आधीच दिसला तर दोष ड्रमचा, म्हणजे कागदावर चित्र उतरवणाऱ्या नळकांड्याचा, नंतर दिसला तर रोलरचा. मी कागद अलगद बाहेर काढला. चेहरा होता! ओरडलो, "ड्रम आहे!" आणि नेमका त्याच वेळी ताईंनी मला गरम होत असेल म्हणून पंखा लावला. सगळी पावडर माझ्या शर्टावर.

पण ड्रम असा वेडा झाला कशाने? ताई अगदी सहज म्हणाल्या, "मी तर दर रविवारी त्याला गच्चीवर ऊन दाखवते. झडप उघडून." अहो, गाद्यांना दाखवावं, मसाल्यांना दाखवावं! ड्रमला उजेड सोसत नाही. उन्हाने तो इतका थकला होता की एका कागदाचं चित्र पुसायचं विसरून पुढच्यावर उतरवत होता. त्या मुलीचं आणि माझं नाव एकाच दिवशी नोंदवलेलं, म्हणून आमचे कागद दर वेळी लागोपाठ छापले जायचे. तिचा फोटो तिच्या कागदाच्या तळाशी, म्हणून तो उतरला थेट माझ्या कागदाच्या माथ्यावर, नावाशेजारी. माझ्यानंतर फायलीत कुणी नव्हतं, नाहीतर त्याच्या कागदावर माझा चेहरा असता.

ताई रडायला लागल्या. पण त्यांनी झाकलं नाही. त्या मुलीला बोलावून सगळं सांगितलं. त्या निवेदिताजी, शाळेत गणित शिकवतात. आल्या त्या तापूनच. "माझा चेहरा न विचारता चार घरांत फिरला?" मी नवा ड्रम हातात धरून उभा. मग त्यांनी तो कागद मागितला आणि उभ्या-उभ्या वरपासून खालपर्यंत वाचला. चार घरांत कुणीही वाचला नव्हता, हो! वाचून विचारलं, "अपेक्षा: काही नाही. असं कुठे असतं का?"

मी म्हटलं, "आईने लिहिलंय. मला आहे एक. घरात कुणीतरी हसणारं हवं."

त्या हसल्या नाहीत. पण पुढच्या रविवारी चहाला हो म्हणाल्या. असे आठ रविवार झाले. गेल्या रविवारी मी लग्नाचं विचारलं. तर म्हणाल्या, "ज्यांनी तो कागद पाहिला त्यांना आधी खरं सांगा. ताईंच्या निरोपाला सगळे येतीलच. मग उत्तर देते."

त्या चारांपैकी तीन घरं आज इथे आहेत. मी बोट दाखवत नाही. पण ऐका, माझी विनंती आहे. तुम्ही जे समजलात ते खोटं होतं. तेव्हा या समोर बसलेल्या निवेदिताजी मला ओळखतही नव्हत्या. दोष मशीनचा होता, यांचा तिळभर नव्हता. आणि आता सांगतो ते कुठल्या मशीनने छापलेलं नाही, मी माझ्या तोंडाने सांगतोय. निवेदिताजी, मला तुमच्याशीच लग्न करायचं आहे.

...उभ्या राहिल्या. भिया, जरा बसा ना, दिसत नाही! काय? परत म्हणा... हो म्हणाल्या! माइकवर आलं नसेल, अप्पासाहेब, मी सांगतो, हो म्हणाल्या! आई, अगं रडतेस काय!

ताई, सव्वीस वर्षं तुम्ही लोकांची घरं जोडलीत. आमचं तर चुकून जोडलंत. तुमच्या पायांवर डोकं ठेवलं तरी कमीच आहे. अध्यक्षांचे, मंडळाचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आनंदाच्या भरात कुणाचा मान राहून गेला असेल, एखादा शब्द जास्त झाला असेल, तर आज मनात ठेवू नका. माफी मागायला मी घरोघर येणारच आहे, पत्रिका घेऊन.