आत्याची चाल

सुरात गातो म्हणून माझं कौतुक करताय, पण माझी एकदा भर कबरस्तानात चूक काढली होती.

राजाजीनगरची माझी आत्या. चर्चमधल्या कुणाचंही दफन असलं की ही हजर, ओळख असो वा नसो. कबरीपाशी एक मराठी गीत म्हणायची. पुढे आठवडाभर त्या घरी डबा घेऊन जायची आणि रडणाऱ्यांना जेवू घालून तेच गीत म्हणायला लावायची. तिथली माणसं कन्नड नाहीतर तमिळ बोलणारी, पण हिला फरक पडत नसे. त्यात चाल चुकीची. दुसऱ्या ओळीला आवाज खाली यायला हवा, तिथे ही वर चढवायची. मी सांगून पाहिलं, तर म्हणाली, "देवाची काही तक्रार नाही. तुझीच आहे."

गेल्या वर्षी आत्या गेली. मला वाटलं, दफनाला आम्ही घरचे चौघे असू. पाहतो तर उभं राहायला जागा नाही आणि एकही चेहरा ओळखीचा नाही. पाळकसाहेबांनी मला तिचं गीत सुरू करायला सांगितलं. मी नीट चालीत सुरू केलं. दुसऱ्या ओळीला आवाज खाली आणला, आणि मागे अख्ख्या गर्दीने तो वर चढवला. मोडक्यातोडक्या मराठीत.

मी तरी माझीच चाल रेटत होतो. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, स्वल्प चुकतंय तुमचं. आमच्या अक्का असं म्हणत नव्हत्या."