निर्माल्यातलं समुद्रफूल

हॅलो?… हो, मीच. वारज्याच्या या घरात मी एकटा राहतो, दुसरं कोण उचलणार फोन?… बरं, बरं. उल्का, सख्खा बाप आहे मी तुझा. आवाजावरूनच कळलं, चिडली आहेस.

…कोण म्हणालं? चेतन? शोभेचे मासे विकणाऱ्या चेतनला फोन केलास तू?… धन्य आहे. त्याला बजावलं होतं, बंगळुरूला काही कळवू नकोस म्हणून.

हो… हो, चार दिवस जुनेच फोटो पाठवत होतो. खोटे नव्हते गं. फोटो खरेच होते, तारीख तेवढी मागची.

…अगं ऐक ना. मेलं नाही. तुझं समुद्रफूल जिवंत आहे, आज सकाळीच टाकीत परत ठेवलंय. मी समोर खुर्ची टाकून बसलोय… मासेही दोन्ही आहेत. मोठीही, छोटाही. आता सगळं सांगतो, मधे बोलू नकोस.

सोमवारी फूल दगडावरून सुटलं आणि आकसून कोपऱ्यात पडलं… हो, आकसतं अधूनमधून, तू सांगितलं होतंस. मला सांगितलं होतंस. इंदुबाई येतात भांडी-पोळ्यांना, त्यांना कुठलं माहीत? त्यांनी ओंजळीत घेतलं आणि निर्माल्याच्या पिशवीत ठेवलं… हो, निर्माल्याच्या. शेवंतीच्या हारावर.

…अडाणी नको म्हणूस. अडाणी असत्या तर हे झालंच नसतं.

…तेच सांगतोय ना. टाकीवर मी पाटी लावली होती. 'समुद्रफूल.' एवढंच. आणि इंदुबाईंना गेल्या दिवाळीपासून मी वाचायला शिकवतोय… हो, काम झालं की अर्धा तास. तुला नव्हतं सांगितलं. तर सोमवारी त्यांनी पहिल्यांदा, मला न विचारता, एक अख्खा शब्द वाचला. 'द्र'सकट. शेवटी फूल आलं, समोर बघितलं तर कोमेजलेलं. आता मला सांग, कोमेजलेलं फूल कचऱ्यात टाकायचं नाही, हा या घरात नियम कोणाचा?… माझा. मग चूक कोणाची? 'हा प्राणी आहे, हात लावू नये' एवढं लिहायला काय झालं होतं मला? जन्मभर लांबलचक पाट्या लावल्या आणि नेमका इथे शब्द वाचवला.

…अर्ध्या तासाने. मासे रिकाम्या दगडाभोवती घिरट्या घालताना दिसले, तेव्हा लक्षात आलं. चेतन म्हणाला, वेगळं ठेवा, टाकीत सडलं तर मासेही जातील. म्हणून चार दिवस बादलीत. खारं पाणी, पंप, दिवा, सगळं केलं. इंदुबाई पोळ्या लाटता लाटता उठून डोकावून जायच्या.

…नाही, मासे धड खात नव्हते; ते फूलच त्यांचं घर ना. आणि आज फूल परत ठेवलं, तर मोठी जवळ गेली आणि चटका बसल्यासारखी मागे आली… हो ना, मीही घाबरलो. चेतन म्हणतो, चार दिवस लांब राहिलं की ओळख पुसते. अंगावरच्या ज्या बुळबुळीत थरामुळे फूल तिला डंख मारत नाही, तो पुन्हा जमवावा लागतो. सकाळपासून तेच चाललंय. शेपटी लावते, पळते. मग पोट टेकवते, पुन्हा पळते. तिला काही घाई नाही.

…काय?

…नाही, उल्का. इंदुबाईंना कामावरून काढणार नाही.

…ॲपवरून दुसरी बाई शोधून देशील. समजलं. नको.

…अगं, त्या ओट्याशीच आहेत, माझं बोलणं ऐकू जातंय त्यांना.

…बरं. मग तुला एक गोष्ट सांगायला हवी. रागावू नकोस. ऑगस्टमध्ये मी बाथरूममध्ये पडलो… हो, पडलो. उठताच येईना… कारण तू घराला कुलूप लावून मला तिकडे नेलं असतंस. म्हणून नाही सांगितलं.

…इंदुबाईंनी बेल वाजवली, दार उघडेना, आतून नळ वाहतोय. शेजारी बद्रीनाथांकडे किल्ली असते, ती आणली त्यांनी. रिक्षात मला धरून बसल्या. पुढे तीन आठवडे मी आंघोळीला गेलो की बाहेर स्टूल टाकून बसायच्या. म्हणायच्या, काका, आवाज देत राहा. मी आतून पाढे म्हणायचो. एकोणतीसपर्यंत गेलो होतो.

मासे न्यायचे असतील तर ने. इंदुबाईंना मी जा म्हणणार नाही. मला त्यांच्याशिवाय जमत नाही, उल्का. हे मी कोणाला बोललो नव्हतो, आता बोललो.



…थांब. थांब जरा… गेली. मोठी फुलात गेली, पूर्ण. बसली बघ… छोटा अजून बाहेर घुटमळतोय. जाईल तोही.

…इंदुबाईंशी बोलायचंय? कशाला?… रागावणार असशील तर देत नाही… नक्की?… बरं. इंदुबाई, घ्या. उल्का आहे. असू द्या पीठ हाताला.

…हां ताई, इंदुबाई बोलते… चूक झाली ताई. मला वाटलं, फूलच हाय… व्हय. काका पडले होते. तेच म्हनले, ताईला सांगू नका… आता बरं हाय. जिना चढत्यात… रोज? तुमाला फोन?… करीन की. खरं काय ते सांगीन, काकांना न्हाई इचारायची.

…ताई? अवो ताई, रडू नका… मी कुठं जाते? हितंच हाय मी.

…ताई, तुमी जेवलात का?… मग आधी जेवा. ठेवते.