फळी उचला आणि आत या

...आणि म्हणे दूरदृष्टी! कसली दूरदृष्टी हो? तुम्हाला सांगतो, आज 'साठवण बाजार'ची वाघोलीपासून हिंजवडीपर्यंत सतरा दुकानं आहेत, गिऱ्हाईक टोपली घेऊन आत हिंडतं, हवं ते स्वतः उचलतं, आणि हे सगळं सुरू झालं ते माझ्या पाठीत उसण भरली म्हणून! पण नाही! इतिहास म्हणे!

नारायण पेठेतलं पहिलं दुकान, मालक तात्याराव, काउंटरच्या आत मी एकटा. शिक्षण चौथी. दिवाळी तोंडावर, ही गर्दी, पाठ धरलेली, आणि समोर एक बाई... "अहो, हा साबण नको, वरचा दाखवा... वरचा नको, त्याच्या मागचा... जरा वास घेऊ का?" चौथ्यांदा शिडी चढलो, उतरलो आणि ओरडलो, "बाई, काउंटरची फळी उचला, आत या आणि काय हुंगायचं ते हुंगा!" वाटलं, लाजेल, निघून जाईल. आली की हो आत! तिच्यामागे अख्खी रांग! तात्याराव जेवून येतात तर काय, गिऱ्हाईक आत आणि मी बाहेर! म्हटलं, गेली नोकरी. संध्याकाळी त्यांनी रिकामी कपाटं पाहिली आणि एवढंच म्हणाले, "नागोराव, उद्याही असेच ओरडा."

झाला इतिहास! अठ्ठावीस वर्षं राबलो, कधी काही मागितलं नाही. आता दुकानाला पस्तीस वर्षं झाली म्हणून पुस्तक काढायचं ठरलं, तर म्हटलं, मी ओरडलो आणि गिऱ्हाईक आत आलं, हे एक वाक्य माझ्या नावानं छापा, इतकंच! 'साठवण'च्या ऑफिसातली वल्लरी पुस्तकासाठी घरी आली, रेकॉर्डिंगला तोंडासमोर फोन धरला. "काका, 'ओरडलो' जरा निगेटिव्ह वाटतं ना... 'ग्राहकांना प्रेमाने आमंत्रित केलं' असं लिहू?" प्रेमाने! मी! अहो, माझ्या लग्नाची आमंत्रणंसुद्धा भावाने केली! म्हटलं, "ओरडलो. तेच लिहा." "ओके काका, कूल!" इतिहास म्हणे!

काल पुस्तक आलं. गुळगुळीत कागद. पान चार... तात्यारावांना म्हणे परदेशी मासिक वाचून कल्पना सुचली! तात्यारावांना! पंचांगापलीकडे माणसानं काही वाचलं नाही हो! आणि खाली त्याच दिवाळीतला फोटो, काउंटरच्या बाहेर मी, कंबरेवर हात. त्याखाली काय छापलंय? 'आमचे पहिले ग्राहक'!

तडक आमोदला फोन लावला, तात्यारावांचा नातू, आता तोच मालक. "सॉरी काका, पाच हजार कॉपीज छापून झाल्या हो... पण फोटो मस्त आलाय ना?" आमच्या सौ. मथुराबाई शेजारून म्हणतात, "आलाय खरा!" घरचेच असे, तर भांडायचं कुणाशी? इतिहास म्हणे...

जाऊ द्या. अठ्ठावीस वर्षं ज्या जमातीवर ओरडलो, शेवटी तिचाच मूळपुरुष झालो!