नाव उंचावर, चेहरा हाताशी

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव आदरणीय आप्पासाहेब मनगटे, उन्हातान्हात कन्नडहून खास या कार्यक्रमासाठी आलेले प्रमुख पाहुणे साहेबरावकाका, व्यासपीठावर बसलेले आपल्या पालक संघाचे अध्यक्ष सर्जेरावभाऊ, सर्व शिक्षक-शिक्षिका, सकाळपासून या खुर्च्या मांडणाऱ्या मावश्या, समोर बसलेले माझे पालक बंधू-भगिनी, आणि जिथं चार शब्द कौतुकाचे निघाले तिथं लगेच मान खाली घालणाऱ्या आपल्या मुख्याध्यापिका सुलेखा साळवे मॅडम, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मी करुणा गोकुळ बनकर. एसटीत कंडक्टर आहे, देवगाव रंगारीच्या गाडीवर. बोलायची सवय आहे मला, पण ती "पुढं सरका" आणि "सुट्टे काढा" एवढीच. माईकपुढं उभं राहायची ही पहिलीच वेळ. आवाज जरा मोठा लागला तर सांभाळून घ्या. आमचा आवाज मागच्या सीटपर्यंत पोचावा लागतो, नाहीतर मागचा उतरायचा राहून जातो.

माझ्या आधीचे सगळे फार छान बोलले. मॅडमची शिस्त, मॅडमचं गणित, दुपारच्या सुट्टीत पोरींबरोबर लगोरी खेळणाऱ्या मॅडम. सगळं खरं आहे. सर्जेरावभाऊंनी तर दिवाळीच्या तोंडावर आपण केलेल्या त्या "ऐतिहासिक आंदोलना"ची आठवण काढली आणि आपण टाळ्या वाजवल्या. मीही हात पुढं केले होते, पण ते एकमेकांना लागले नाहीत. भाऊंनी गोष्ट अर्धी सांगितली. निरोपाच्या दिवशी माणसाचं काम पुरं सांगावं, अर्धं सांगून कसं चालंल? अध्यक्षसाहेब, काळजी करू नका, मी भांडायला उठलेली नाही. आणि जिची ही गोष्ट आहे तिला विचारून उठले आहे. ती म्हणाली, "सांग, पण रडू नको." बघू कसं जमतंय.

आंदोलन कशाचं होतं, हे पाहुण्यांसाठी सांगते. क्रांती चौकाच्या जवळ कपड्यांचं एक मोठं दुकान आहे. नाव घेत नाही. दसऱ्याच्या आधी त्यांनी दुकानाच्या दर्शनी भिंतीवर फ्लेक्स लावला, फुटपाथला टेकलेला, माणसाच्या उंचीचा. फ्लेक्सवर अकरा वर्षांची पोरगी. ओठांना भडक रंग, खांदे उघडे, एक हात कमरेवर, आणि नजर अशी तिरपी वळवलेली, की ती नजर त्या वयाच्या लेकराला आपोआप येत नाही, कुणीतरी बाजूला उभं राहून शिकवावी लागते. आणि शेजारी मोठ्या अक्षरांत, "आता मी लहान नाही!"

अकरा वर्षांची पोरगी लहान नाही, तर मग लहान कोण? कपडे विकायला आमची ना नाही. दिवाळी आहे, विका. पोरींना दोरीवरच्या उड्या मारता येतील असे विका, किल्ला करताना चिखलात बरबटले तरी चालतील असे विका. पण मी तो फ्लेक्स एवढ्या वेळा बघितला, तरी त्यातल्या ड्रेसचा रंग मला आज सांगता येणार नाही. आठवते ती पोरगीच. मग जाहिरात कशाची चालली होती? पानटपरीवर उभे राहिलेले बाप्ये तिच्याकडं बघून काय बोलायचे, ते मी ड्यूटी संपवून घरी जाताना माझ्या कानानं ऐकलं आहे. ते इथं सांगण्यासारखं नाही.

ती पोरगी माझी श्रेया. आपल्याच शाळेची, सहावी ब. काहींना हे उडत उडत कळलं होतं, काही जण आज पहिल्यांदा ऐकतायत.

झालं असं की, गॅदरिंगला त्या दुकानानं बक्षिसं दिली होती. नाचात पहिली येईल तिचा फोटो दिवाळीच्या जाहिरातीत येणार. श्रेया पहिली आली. मला दाखवला तो फोटो परकर-पोलक्यातला होता, हातात पणती धरलेला. मी हरखून गेले. देवगावला सासूबाईंना फोन केला, त्यांनी गल्लीत पेढे वाटले. परकर-पोलक्यानंतर त्यांनी तिला दुसरे कपडे घातले, तोंड रंगवलं, तेव्हा मी गाडीवर होते आणि सोबत तिची आत्या होती. तिला बिचारीला वाटलं, शहरात असंच असतं. उरलेलं कॉम्प्युटरवर केलं म्हणे. इतकं केलं, की रोज वर्गात बघणाऱ्या बाईंनाही ती ओळखू आली नाही. मी तिची आई, मलाही दोनदा बघावं लागलं.

मी आणि श्रेयाचे पप्पा दुकानात गेलो. मालक फार गोड बोलला. चहा मागवला. म्हणाला, "ताई, जमाना बदल गया. आयाच येऊन फोटोवर बोट ठेवतात, हाच ड्रेस द्या म्हणतात. आम्ही काय जबरदस्ती करतो का कुणावर?" चहा तसाच ठेवून आम्ही मॅडमकडं आलो.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मला एका शब्दानं विचारलं नाही की तू हो कशाला म्हणालीस. एकच म्हणाल्या, "करुणाताई, नाव कुणाला सांगायचं नाही. आपल्याला जाहिरात उतरवायची आहे, पोरीला चर्चेत आणायचं नाही." मग त्यांनी याच हॉलमध्ये पालकांची बैठक घेतली. काय भरला होता हॉल! आणि खोटं कशाला बोलू, तुम्ही सगळे मनापासून बोललात. आमचे कडुबाभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी लहान हायेत तं लहानच ऱ्हाऊ द्या की त्यांना. लई घाई कशाची झाली या लोकांना?" मला भरून आलं होतं. वाटलं, माझ्या लेकीच्या मागं अख्खी शाळा उभी आहे, आणि तिला कुणी ओळखतही नाही.

ठरलं ते साधं होतं. दुकानात जायचं, निवेदन द्यायचं, फ्लेक्स उतरेपर्यंत तिथंच बसायचं. आपण गेलो. आणि मंडळी, मालक कबूल झाला होता! दुपारपर्यंत उतरवतो म्हणाला. काम झालं होतं आपलं. पण तेवढ्यात कॅमेरावाला आला. आता कॅमेऱ्यासमोर नुसतं "मालक हो म्हणाला" हे कसं दिसणार? आपल्याकडं आंदोलन म्हटलं की कशाला तरी काळं फासावं लागतं, त्याशिवाय ते आंदोलन वाटतच नाही. ऑइलपेंटचा डबा कुणी आणला ते मी विचारलं नाही, आजही विचारत नाही. घोषणा वाढल्या आणि हात डब्यात गेले.

दुकानाचं नाव कुठं होतं? वर, दिव्यांच्या ओळीत. तिथं हात पोचत नव्हता. मालक कुठं होता? आत, काचेमागं, फोनवर बोलत. तिथंही हात पोचत नव्हता. हाताशी होतं ते तिचं तोंड.

मॅडम ओरडत होत्या, "तोंडाला नका! अहो, तोंडाला नका!" घोषणांमध्ये कुणाला ऐकू जाणार? मी शेजारीच उभी होते. मागच्या सीटपर्यंत पोचणारा माझा आवाज त्या दिवशी घशातून बाहेरच आला नाही.

गर्दी पांगल्यावर सगळे वडापाव खायला गेले. मॅडम गेल्या नाहीत. शेजारच्या पेंटरकडून त्यांनी रॉकेल मागून आणलं, आपल्या पदराला लावलं आणि पुसायला लागल्या. मीही लागले. काळं निघालं हो, निघालं. पण रॉकेलनं खालचा रंगही सुटला आणि काळ्याबरोबर चेहराही निघून आला. मान होती, हात होते, वर नुसतं पांढरं कापड. मॅडम काळा पदर मांडीवर घेऊन फुटपाथवर बसून राहिल्या. त्यांना असं बसलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

तोवर व्हिडिओ मोबाइलवर फिरत होता. शहरात फिरला, देवगावला पोचला. श्रेयानंही बघितला. तिनं रडारड केली नाही. मला एवढंच विचारलं, "आई, काकांनी माझ्याच तोंडाला का फासलं? मी काय केलं?" तिनं "लोकांनी" म्हटलं नाही बरं का, "काकांनी" म्हटलं. मैत्रिणीचे पप्पा होते ते. त्यांच्या घरी जाऊन ती भातुकली खेळलेली आहे. 

दुसऱ्या दिवसापासून तिनं तोंडाला स्कार्फ बांधला. आपल्या शहरात स्कूटीवरच्या पोरी उन्हासाठी बांधतात, तसा. फक्त ही घरातही बांधायला लागली. मग तिची शाळाच सुटली. आम्ही तिला देवगावला आजीकडं ठेवलं, म्हटलं हवापालट होईल. आठवड्यानं सासूबाई, द्वारकाबाई, मला स्टँडवर भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "पोरीनं आरशावर फडकं टाकलंय, करुणा. मी उचललं तं पुन्हा टाकलं. काय बोलू मी तिला?"

सर्जेरावभाऊ, तुम्ही वर बसलाय आणि मी खालून बोलतेय, पण तुमच्याबद्दल माझ्या मनात राग उरलेला नाही. खरं काय ते कळल्यावर तुम्ही आमच्या घरी आलात. येताना शाल आणली होती, नारळ आणला होता. म्हणालात, "ताई, लेकराचा सत्कार ठेवू, समद्यांसमोर. म्हंजी फिटंल." आणि तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलं. पण भाऊ, तुम्ही गेल्यावर मी ती शाल हातात घेऊन खूप वेळ विचार करत बसले. आपल्याला माणसाच्या बाबतीत दोनच गोष्टी येतात का हो? एकतर तोंडाला काळं फासायचं, नाहीतर गळ्यात हार घालायचा? तिसरं काहीच येत नाही आपल्याला? नुसतं शेजारी जाऊन बसता येत नाही?

मॅडमना ते येतं. म्हणून मी आज बोलतेय. दर रविवारी सकाळच्या गाडीला मॅडम यायच्या. मी तिकीट देत नाही म्हटलं की रागवायच्या, "कंडक्टर, नियम म्हणजे नियम." देवगावला पहिल्यांदा आल्या तेव्हा श्रेया खोलीतून बाहेर येईना. मॅडमनी पिशवीतून आपला स्कार्फ काढला, तोंडाला घट्ट बांधला आणि ओट्यावर जाऊन बसल्या. बऱ्याच वेळानं श्रेया बाहेर आली. मग दोघी तोंडं बांधून समोरासमोर अपूर्णांकांची गणितं सोडवत बसल्या. येणारे-जाणारे हसत होते. सासूबाई म्हणाल्या, "ही बाई शाणी हाय का खुळी?" मी म्हटलं, "आत्याबाई, मला पण कळंना, पण तिला चहा द्या."

पुढं थंडी गेली, ऊन वाढलं, मॅडमचा स्कार्फ सुटला. श्रेयाचा अजून सुटलेला नाही. परीक्षेला ती आली नाही.

आणि त्या दुकानाच्या भिंतीवर काय आहे आता? येताना बघितलं असेल तुम्ही. लग्नसराईचा नवा फ्लेक्स. तेवढ्याच वयाची पोरगी, तशीच उभी केलेली, तशीच नजर. बाहेरगावची आहे म्हणे. आपण रोज तिच्या समोरून जातो. तिची आई आपल्या ओळखीची नाही म्हणून गप्प आहोत का? निवेदन पुन्हा द्यायला हवं. मी येईन. फक्त डबा कुणी आणू नका.

आता आवरतं घेते, नाश्ता थांबलाय. शिक्षक मंडळींनी मॅडमना विचारलं होतं, निरोपाला काय भेट देऊ. मॅडमनी हसून विषय बदलला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "करुणाताई, मला काही नको. श्रेयाला एकदा तिच्या बाकावर बसलेलं बघून जायचंय."

मॅडम, आज पहिल्या गाडीनं मी तिला आणलं आहे. हॉलमध्ये ती येणार नाही म्हणाली. सगळे इथं आहेत, वर्ग रिकामे आहेत. ती सहावी ब मध्ये बसली आहे, खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर. तोंडाला स्कार्फ आहे. पुढच्या वर्गात, जूनमध्ये ती येईल का, हे मला सांगता येत नाही. मला भीती एवढीच आहे, की उद्यापासून रविवारची ती गाडी मॅडमशिवाय जायला लागली तर मी त्या पोरीपुढं कुठलं तोंड घेऊन उभी राहू. मॅडम म्हणतात, "निवृत्त शाळेतून होतेय, गाडीतून नाही." तसंच होवो.

तुम्हा सगळ्यांना हात जोडून एक विनंती आहे. कार्यक्रम संपला की पुढच्या दारानं मैदानात जा, नाश्ता तिकडंच आहे. सहावी ब च्या व्हरांड्यात कुणी जाऊ नका. तिला बघायला नको, समजूत काढायला नको, शाल नको, मोबाइल तर अजिबात नको. एकट्या मॅडमना जाऊ द्या.

तुम्ही मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार मानते. बोलण्याच्या भरात माझं काही कमी-जास्त झालं असेल, कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनानं मला माफ करा. माझ्या लेकीच्या वतीनं मात्र मी माफी मागत नाही. तिचं काही चुकलंच नव्हतं.

मॅडम, तुम्ही जा. दार नुसतं लोटलेलं आहे.