नव्वदाव्या दिवसाची न्याहारी

नोरीन : मेपल सिरप दे इकडे. आणि उद्या सकाळी नऊनंतर फोन बंद ठेव, क्लेटन. लोक तुला सोडायचे नाहीत.

क्लेटन : का? मी काय केलं?

नोरीन : काहीच केलं नाहीस, तेच तर दुखणं आहे. तुझं फुकटचं सॉफ्टवेअर तीनशे ग्रंथालयं वापरतात ना, त्यात मोठं भगदाड आहे. मी रीतसर कळवलंय, एकोणनव्वद दिवसांपूर्वी.

क्लेटन : अगं, आपण रोज एका टेबलावर जेवतो.

नोरीन : नियम तूच लिहिलायस. सुरक्षेतली चूक फक्त ईमेलने कळवा, तोंडी सांगितलेलं धरणार नाही.

क्लेटन : ते त्या डेलसाठी होतं. हॉकीच्या मॅचमध्ये कानात ओरडून चुका सांगायचा.

नोरीन : डेल सोडून बाकीच्यांनी तोंडी सांगा, असं कुठं लिहिलंय? चार वेळा आठवण केली. प्रत्येक मेलवर 'तातडीचं' लिहिलं.

क्लेटन : मेलो. लॉटरी लागली म्हणणाऱ्या फसव्या मेलना कंटाळून मीच तशी सोय केलीय. 'तातडीचं' दिसलं की मेल थेट कचऱ्यात.

नोरीन : शहाणाच आहेस.

क्लेटन : आणि उद्या तू जगजाहीर करणार? सख्ख्या नवऱ्याचं?

नोरीन : चुका शोधणं हा माझा धंदा. सगळ्यांना नव्वद दिवस देते. नवऱ्याला शंभर दिले, तर माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? लोकांनी सावध कधी व्हायचं?

क्लेटन : बरं, भगदाड काय ते तरी सांग.

नोरीन : तोंडी? कचरा उपस.

(क्लेटन लॅपटॉप उघडतो. पॅनकेक गार होतात.)

क्लेटन : पासवर्डच्या जागी नुसती स्पेस दाबली की कुणाच्याही खात्यात शिरता येतं? देवा. कोण काय वाचतं ते अख्ख्या थंडर बे शहराला कळेल.

नोरीन : दुसऱ्याचं उघडणं बरं नव्हे, म्हणून तुझंच उघडून पाहिलं. बायकोशी कसं बोलावं ते शिकवणारं पुस्तक सात महिने परत केलेलं नाहीस.

क्लेटन : ते... वाचायचं राहिलंय. नोरीन, आठवडाभर थांब. दुरुस्ती करतो, ग्रंथालयांना ती बसवू दे, मग खुशाल सांग सगळ्यांना.

नोरीन : मुदतवाढ लेखी माग. लेखी मागणाऱ्या प्रत्येकाला देते.

क्लेटन : पाठवली.

नोरीन : आली. दिली.

क्लेटन : दुरुस्तीच्या सूचनेखाली चूक शोधणाऱ्याचे आभार मानतात. तुझं नाव घालू, की निनावी ठेवू?

नोरीन : नाव घाल, पूर्ण. लग्नाच्या एकवीस वर्षांत पहिल्यांदाच माझे आभार मानतोयस, लेखी असलेलं बरं.