रिकामा डबा

टीचर : खरं सांग शुभदा, तुला यातून काय मिळणार आहे? महिनाभर रोज डबा! माझं पार्किंग हवंय?

शुभदा : तुमच्याकडे सायकल तरी आहे का, रूथ टीचर?

टीचर : सोसायटीच्या निवडणुकीत माझं मत?

शुभदा : ते दरवेळी आमच्या विरोधात जातं.

टीचर : मग फ्लॅट. मला मूलबाळ नाही.

शुभदा : फ्लॅट चर्चला लिहून दिलाय, अख्ख्या बिल्डिंगला माहितीये. झाला हिशेब? मला मिळणार शून्य. आता तुम्ही सांगा, हे करपतंय काय?

टीचर : बेसन. लाडवांचं.

शुभदा : उद्या ठाण्याला अ‍ॅडमिट, परवा बायपास, आणि आज गॅसपाशी उभ्या?

टीचर : तुझा डबा रिकामा कसा पाठवू?

शुभदा : पाठवलाय कधी? तुमची शुगर उतरावी म्हणून मी बिनसाखरेचं रांधतेय, आणि डब्यातून साखर माझ्या घरी! मग खजूर, मग पेरू. काल तर वॉचमनला पळवून नारळ आणवलात.

टीचर : दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आईची शिकवण.

शुभदा : आणि येशूची? आमचा चिराग लहानपणी तुमच्या चर्चच्या मे महिन्याच्या शिबिराला यायचा. घरी येऊन म्हणायचा, मम्मी, देव तारण, म्हणजे मुक्ती, फुकट देतो, कमवावं लागत नाही. मी म्हटलं, नीट विचारून ये, खाली बारीक अक्षरात काहीतरी असणार.

टीचर : काही नसतं. तीच कृपा. लायकी बघून दिलं तर तो पगार झाला.

शुभदा : मग लाडू कशाला?

टीचर : भीती वाटते गं.

शुभदा : ऑपरेशनची?

टीचर : त्याच्या पुढची. परवा डोळे उघडलेच नाहीत तर? कालपासून मनात मोजतेय, किती वर्ग घेतले, किती आजाऱ्यांपाशी बसले. पुरेसं वाटतच नाही. म्हटलं, निदान कोणाचं काही बाकी ठेवून जाऊ नये. तुझा डबा तरी.

शुभदा : म्हणजे पोरांना कृपा आणि टीचरना हप्ते!

टीचर : हस, हस.

शुभदा : मग अजून एक बाकी ऐका. ऑपरेशनला रक्त लागणार होतं ना? आज सकाळी आमच्या गणपती मंडळाची पोरं ठाण्याला जाऊन देऊन आली. गणू, मयूर, आमचा चिराग.

टीचर : मंडळाची? ज्यांच्या डीजेची मी पोलिसांत...

शुभदा : दोनदा. दुसऱ्या वेळी स्पीकरच उचलून नेले.

टीचर : कोणासाठी देतोय, ते ठाऊक होतं त्यांना?

शुभदा : मीच सांगितलं. गणू म्हणाला, "त्या डीजेवाल्या टीचर ना? मयूर, गाडी काढ."

(टीचर गॅस बंद करतात.)

टीचर : त्यांना काय देऊ मी? लाडूसुद्धा करपले.

शुभदा : मागितलंय कोणी?

टीचर : पण हे फुकट नाही गं. मला फुकट. त्यांनी तर शिरेतून काढून दिलंय.

शुभदा : तेच म्हणतेय. त्याचं मोल कोणीतरी भरलंय. ते तुम्ही नाही, एवढंच.

टीचर : हेच मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आले.

शुभदा : आता परवा अंगात चढवून घ्या.

टीचर : ...घे, तुझा डबा.

शुभदा : हलका लागतोय. गुपचूप काही घातलं नाहीत ना?

टीचर : उघडून बघ. आणि मी घरी आले की त्यातून बोंबलाचं कालवण आण.

शुभदा : अगं बाई, टीचरनी काहीतरी मागितलं! चला, शेवटचा हिशेब. डबा माझा, गाडी मयूरची, रक्त पोरांचं. तुमचं काय?

टीचर : माझं काहीच नाही.